घरी पोहोचवलेली बाई

धाकटीला व्हायचं होतं नर्स. तिथे थोडक्यात नंबर हुकला. समाजकार्याच्या कॉलेजात जागा शिल्लक होत्या, म्हणून ती तिथे गेली. ही गोष्ट तिने कधी कुणापासून लपवली नाही. पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकाने उभं राहून आपण इथे का आलो ते सांगायचं होतं. कुणाला दीनदुबळ्यांचे अश्रू पुसायचे होते, कुणाला समाज मुळापासून बदलायचा होता. धाकटी उठली आणि म्हणाली, "नर्सिंगला मिळालं नाही." वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बस," म्हणाल्या, "निदान खरं बोललीस."

तीन बहिणींत शेवटची म्हणून ती धाकटी. घरात तर होतीच, पण शेजारीपाजारी आणि पुढे कॉलेजातही तिला सगळे त्याच नावाने ओळखायला लागले. वडील एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. पुढे काचेचं कपाट आणि आरसे, मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत बसून ते दिवसभर भिंगं घासायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बाह्यांवर पांढरी भुकटी असायची.

"समाजसेवा करायला कॉलेज लागतं?" त्यांनी विचारलं होतं. "आमचा मालक काही न शिकता करतो. वर फोटोही छापून आणतो."

"पगार असतो म्हणे त्यात," आई म्हणाली.

"लोकांचं भलं करण्याचा पगार?" वडिलांना याची फार गंमत वाटली. मग चष्मा दुरुस्त होईपर्यंत ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना ते सांगत राहिले, आमच्या धाकटीला भलं करायची नोकरी लागणार आहे. गिऱ्हाइकं हसायची, पण वडिलांच्या बोलण्यात अभिमान आहे हे त्यांनाही कळायचं.

कॉलेज जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली छापखाना, यंत्रं सुरू झाली की बाकं थरथरायची आणि मॅडमना आवाज चढवावा लागायचा. सुरुवातीला धाकटीला तिथलं सगळं तोंडदेखलं वाटायचं. माणसाचं ऐकून कसं घ्यावं, त्याच्यासमोर कसं बसावं, हे काय शिकवायचं? पण हळूहळू ती रमली. वर्गात नाटकासारखा सराव चालायचा. एकाने अडलेला माणूस व्हायचं, दुसऱ्याने समाजसेवक. एकदा एक मुलगा मुलीची शाळा बंद करणारा बाप झाला आणि हट्टाला पेटून बसला. सगळ्यांनी हात टेकले. धाकटीने त्याला गोलगोल फिरवत, कधी चुचकारत, कधी गप्प बसत असं वळणावर आणलं की शेवटी तो सरावातला बापच म्हणाला, "बरं बाई, पाठवतो."

मॅडम म्हणाल्या, "हिच्यात काहीतरी आहे."

तिच्या जिभेला धार नव्हती, चिकाटी मात्र होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हटलं होतं की तुझ्यात काहीतरी आहे. त्या वर्षीच्या परीक्षेत तिने एका प्रश्नाला भरभरून उत्तर लिहिलं. प्रश्न असा होता, की ज्याला मदत करायची त्याचा स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क म्हणजे काय. त्या उत्तराला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला मनोरुग्णालयात पाठवलं. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. वडील एवढंच म्हणाले, "जपून राहा."

गावाबाहेर लांबलचक भिंत, आत बैठ्या इमारती, झाडं बरीच. समाजसेवा विभाग म्हणजे एक खोली आणि तिच्यात एक साहेब. निवृत्तीला टेकलेले, पाठदुखीने हैराण, खुर्चीवर उशी घेऊन बसणारे. त्यांनी धाकटीला स्त्रियांच्या बाजूला नेलं आणि वाटेत सांगितलं, "खाटा कमी, माणसं जास्त. वरून सारखं टुमणं असतं, बऱ्या झालेल्यांना घरी धाडा. बऱ्या होतात गं. घरं बरी होत नाहीत."

शिलाईखोलीत तिला सुईबाई दिसली. खिडकीखाली पायाने चालवायचं मशीन, त्यावर एक पन्नाशीला आलेली बाई ताठ बसलेली. सगळ्या वॉर्डांचे फाटके कपडे तिच्याकडे यायचे. कात्री टेबलाला साखळीने बांधलेली असायची, आणि सुया संध्याकाळी मोजून परत द्याव्या लागायच्या. ते मोजण्याचं काम आयांनी कधीच तिच्यावर सोपवून टाकलं होतं. म्हणून सुईबाई. इथे येऊन तिला चौदा वर्षं होऊन गेली होती. गोळ्या नियमित चालू होत्या, कानात येणारे आवाज केव्हाच थांबले होते. नव्या बायकांना ती टाका घालायला शिकवायची, आणि एखादी रडायला लागली तर तिच्या हातात उसवायचं काम द्यायची.

"ही इथे का आहे अजून?" धाकटीने साहेबांना विचारलं.

"भाऊ नेत नाही. आधी दोन-तीन जणांनी प्रयत्न करून पाहिलेत."

तिथेच धाकटीने मनाशी घेतलं. सुईबाईशेजारी बसून ती बटणं लावायला लागली. चार दिवस इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, घरची आठवण येते?"

सुईबाईने दोरा दाताने तोडला. "आईची येते."

"घरी जावंसं वाटतं?"

"घर कसं असेल आता, कोण जाणे."

"भाऊ न्यायला आला तर?"

सुईबाईने तिच्याकडे बघितलं आणि हसली. "तुमची परीक्षा कधी आहे, ताई?"

धाकटीही हसली. घरची ओढ बाई थट्टेवारी नेते आहे, असं तिने धरलं. कॉलेजच्या वहीत तिने तसंच लिहिलं, आणि मॅडमनी त्याच्याखाली बरोबरची खूण केली.

भावाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडाच्या वखारींच्या मागे. तो फर्निचरला पॉलिश करायचा. बोटांची पेरं कायमची तपकिरी झालेली. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी. पहिल्या भेटीत त्याने दारातच उभं ठेवलं. "तिथे बरी आहे ना? मग राहू दे." दुसऱ्या भेटीत वहिनीने चहा दिला आणि भावाने वेळ मारून नेली. मुलीचं लग्न ठरत होतं, ते होऊ दे, मग बघू.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा घराची रया गेली होती. म्हाताऱ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. आतल्या खोलीत ती खाटेवर पडून, एक बाजू लुळी, तोंडातून लाळ. वहिनीचे हात कपडे धुऊन धुऊन सोलवटले होते.

"उचलायचं, पुसायचं, भरवायचं," वहिनी म्हणाली. "माझ्या पाठीचा कणा मोडला, ताई. हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. मुलगी हात लावत नाही."

ऐकता ऐकता धाकटीला सुचलं, आणि सुचलं तसं ती बोलून गेली. "तुमच्या नणंदेला आईची फार आठवण येते. त्या आल्या तर आईचं सगळं प्रेमाने करतील. तुम्हालाही हात मिळेल."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ मान खाली घालून बोटं चोळत राहिला. "पुन्हा बिथरली तर?"

"गोळ्या वेळेवर दिल्या तर काही होत नाही. मी येत जाईन ना."

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. चारच दिवसांत त्याचा निरोप आला, की घेऊन या.

धाकटीचा आनंद गगनात मावेना. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "एवढ्या वर्षांनी? का म्हणे?"

"आई आजारी आहे. त्यांना त्या हव्या आहेत."

साहेबांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. पण टेबलावर वरून आलेलं खाटांबद्दलचं नवं पत्र पडलेलं होतं, पाठही ठणकत होती. त्यांनी सही केली.

जायच्या दिवशी सुईबाईने सुया मोजून दिल्या आणि मशीनला तेल घातलं. दुसऱ्या एका बाईला बॉबिन कशी अडकवायची ते दोनदा करून दाखवलं. स्वतः शिवलेला निळा झगा ती घालून आली होती. गाडीत ती खिडकीची कड घट्ट धरून बसली.

"शिलाईखोली कोण बघणार आता?" वाटेत तिने एकदाच विचारलं.

"बघेल कुणीतरी. तुम्ही आता घरचं बघा, मावशी."

घरात शिरताना ती उंबऱ्याशी अडखळली. आतल्या खाटेवरून म्हातारीने एक चांगला होता तो हात उचलला, आणि घशातून नुसता घरघराट काढला. सुईबाई जाऊन तिच्या उशाशी बसली. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. धाकटीलाही रडू आवरलं नाही. परत येताना बसमध्ये तिला वाटलं, नर्सिंगला मिळालं नाही ते बरंच झालं.

मॅडमनी ती केस साऱ्या वर्गापुढे मांडायला सांगितली. चौदा वर्षं कुणाला जमलं नव्हतं ते हिने तीन भेटींत केलं, म्हणाल्या. टाळ्या झाल्या. वडिलांनी त्या संध्याकाळी दुकानातल्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला.

महिन्याने ती भेटीला गेली. सगळं ठीक दिसत होतं. म्हातारी स्वच्छ होती, केस विंचरलेले. सुईबाई मात्र वाळली होती आणि तिच्या पापण्या जड झाल्यासारख्या दिसत होत्या.

"बरं आहे ना, मावशी?"

"आईचं बघते," ती म्हणाली.

वहिनी मध्येच म्हणाली, "त्या गोळ्यांनी हिला फार गुंगी येते हो. आई हाका मारतात आणि ही उठत नाही. म्हणून मी अर्धीच देते."

धाकटीने समजावून सांगितलं. पूर्ण द्यायलाच हवी, नाहीतर आजार उलटतो. वहिनीने मान डोलावली, भावाने मान डोलावली. एवढं सांगितल्यावर ऐकतील, असं धाकटीला वाटलं. सुईबाई दारापर्यंत सोडायला आली. तिने धाकटीची बाही चिमटीत धरली, काही बोलणार असं वाटलं, तेवढ्यात आतून म्हातारी घरघरली आणि ती माघारी वळली.

पुढे परीक्षा आली, मग सुट्टी. बहिणीचं बाळंतपण होतं, ती तिकडे गेली. मधूनमधून जाऊन यावं असं मनात यायचं आणि राहून जायचं. कॉलेजच्या दृष्टीने तर ती केस पूर्ण झालेलीच होती.

सुट्टी संपल्यावर ती गेली तेव्हा दार भावाच्या लग्न ठरलेल्या मुलीने उघडलं, आणि तिला बघून आत पळाली. म्हातारीची खाट नव्हती. तिच्या जागी नवी खुर्ची होती.

"आई गेल्या," वहिनी म्हणाली. "महिना होऊन गेला."

"आणि मावशी?"

वहिनीने मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या बाजूने काहीतरी पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. धाकटी विचारायला थांबली नाही. पडवीच्या टोकाला लाकूडसामान ठेवायची कोंदट खोली होती, तिला बाहेरून कडी होती. तिने कडी काढली.

आत पॉलिशचा आणि लघवीचा वास कोंडला होता. सुईबाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती. केस कुणीतरी कात्रीने कसेही कापलेले. अंगात तोच निळा झगा, पण त्याची शिवण तिने स्वतःच उसवत नेली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत दोरे लोंबत होते. ओठ पुटपुटत होते. नखाने ती पत्रा खरवडत होती. धाकटीने हाक मारली. तिने पाहिलं, पण त्या नजरेत ओळख नव्हती.

भावाला कुणीतरी बोलावून आणलं. तो धापा टाकत आला आणि दारात धाकटीला बघून त्याच्या चेहऱ्याचा रंगच पालटला.

"बाहेर सोडली तर रस्त्यावर कपडे काढते," तो म्हणाला. "मुलीच्या सासरचे येतात-जातात. काय करू मी? सांगा ना, काय करू?"

"रुग्णालयात का नाही आणलंत? गोळ्या का थांबवल्या?"

"आणली असती तर तुम्ही परत घेतली असती? तिथे म्हणाले होते, एकदा नाव कमी झालं की झालं." त्याचा आवाज चिरकला. "आम्ही मागितली होती का तिला? तुम्ही आलात. तीनतीनदा आलात. तुम्ही म्हणालात हात मिळेल."

तो खोटं बोलत नव्हता.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब स्वतः गाडी घेऊन आले. चादरीत गुंडाळून सुईबाईला बाहेर काढताना शेजारचे खिडक्यांतून बघत होते. ती ओरडली नाही, अंग सैल सोडून दिलं. रुग्णालयाच्या फाटकात गाडी वळली तेव्हा साहेब म्हणाले, "सही माझी होती." धाकटीला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी जोर लावून तिला पुन्हा दाखल करून घेतलं. आता जास्त आजारी बायकांचा वॉर्ड, गजांचा. गोळ्यांची मात्रा वाढवावी लागली. आजार उतरायला बरेच महिने गेले, आणि उतरला तेव्हा हातांना थरथर राहिली. एका आयेने हौसेने तिला शिलाईखोलीत नेऊन बसवलं. सुईत दोरा घालायचा तिने कितीतरी वेळ प्रयत्न केला, मग सुई टेबलावर ठेवली आणि उठून गेली. पुन्हा त्या खोलीकडे ती फिरकली नाही.

सुईबाई भानावर आल्यावर धाकटी तिला भेटायला गेली. बाकावर शेजारी बसली. कितीदा मनात घोळवलेल्या बोलण्यातलं एवढंच म्हणता आलं, "मावशी, माझं चुकलं."

सुईबाईने मान दुसरीकडे वळवली. धाकटी दुसऱ्या दिवशी गेली, पुढच्या आठवड्यात गेली. रागाचा शब्द नाही, शिवी नाही. ती आली की बाई उठायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शेवटी आयेनेच सांगितलं, "ताई, तुम्ही येऊन गेलात ना, की तिला जेवण जात नाही. नका येऊ."

कॉलेज सोडायचं तिने पक्कं केलं. आईने रडून घेतलं. वडील एका सुट्टीच्या दिवशी तिच्यासमोर येऊन बसले. "एखाद्याचा नंबर चुकवून काच घासली तर तो पायरी चुकून पडतो," ते म्हणाले. "माझ्या हातून झालंय तसं. म्हातारा होता. पाय मोडला त्याचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो." थोडं थांबून म्हणाले, "बरं वाटलं नाही. अजून वाटत नाही."

मॅडमकडे जाऊन तिने विनंती केली, की ती केस मला पुन्हा वर्गापुढे मांडू द्या, पुढचं सगळं सांगते. मॅडमनी उठून खिडकी लावली. खाली छापखान्याची यंत्रं धडधडत होती.

"त्या वहीत मीही बरोबरची खूण केली होती," त्या म्हणाल्या. "मांड. मी मागच्या बाकावर बसते."

धाकटीने मांडली. भावाला काय सांगितलं, वहिनीला कशी गळ घातली, सगळं. मध्ये कुठेच थांबली नाही. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संपल्यावर एका मुलीने विचारलं, "पण त्या बाईंना जायचं नव्हतं, हे तुला कसं कळणार होतं?"

"मी विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "उत्तर मिळायच्या आधीच मी ते लिहून टाकलं होतं."

ती पास झाली. मनोरुग्णालयात हंगामी जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. साहेब निवृत्त झाल्यावर त्यांची ती उशी असलेली खुर्चीच तिच्या वाट्याला आली. काम तेच, टुमणंही तेच, खाटा कमी. ज्या बाईला जायचं असेल तिला ती पोहोचवायची आणि मग वर्षभर पाठ सोडायची नाही. जिला जायचं नसेल तिच्या नावापुढे तसं लिहायची, आणि त्यासाठी वरून ताशेरे ओढवून घ्यायची. दोनदा तिची पगारवाढ अडली. काही बायका तिने धाडल्या त्या सुखात राहिल्या. काही परत आल्या. तिने राहू दिलेल्यांपैकी एक जण घरच्यांची वाट बघत बघत तिथेच संपली. त्या वेळी तिला कळेना, की आपण धाडायला हवं होतं की काय.

सुईबाई आणखी सहा वर्षं जगली. वॉर्डातून जाताना धाकटी नजर खाली ठेवून जायची आणि सुईबाई भिंतीकडे वळायची. लांबून मात्र धाकटी आयेला विचारायची, जेवली का, गोळी घेतली का, थंडीत पांघरूण आहे ना.

पावसाळा सरता सरता सुईबाईला न्यूमोनिया झाला. शेवटच्या दिवशी तिला मान वळवायचीही ताकद नव्हती. धाकटीला ते ठाऊक होतं, म्हणून ती खोलीत गेलीच नाही. बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

भावाला फोन तिनेच केला.

"मुलगी बाळंतपणाला आलीय," तो म्हणाला. "घरात जावई आहेत. तुम्हीच करा काय ते."

"एकदा बघून तरी जाल का?"

"नाही जमणार, ताई." मग तो रडायला लागला, आणि रडता रडताच त्याने फोन ठेवला.

अंत्यविधीला धाकटी होती, दोन आया होत्या आणि गाडीचा ड्रायव्हर. शिलाईखोलीतल्या बायकांनी एक जुनी चादर कडा दुमडून, नीट शिवून पाठवली होती. ती सुईबाईच्या अंगावर घातली. सगळं आटोपायला फार वेळ लागला नाही.

ती ऑफिसात परतली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक माणूस आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मांडीवर नव्या कपड्यांची पिशवी होती. बहिणीला घरी न्यायला आलोय, म्हणाला. आजच सोडाल ना?

धाकटीने हातपाय धुतले, खुर्चीत बसली आणि शिपायाला सांगितलं, "आधी त्यांच्या बहिणीला बोलाव. एकटीला."